सीटी व्हेनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये "जन्मतः बारीक की गुठळी" असं दोन्ही लिहिलंय, काय समजायचं?

गोंधळलेला_दादा:

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, आधीच माफी. धाकटी बहीण बाळंत होऊन आज १७ दिवस झाले. बाळंतपण नीट झालं, बाळ मस्त आहे, पण दहाव्या दिवसापासून हिचं डोकं जे धरलंय ते सुटायचं नाव घेईना. आधी सगळ्यांनी जागरणावर ढकललं, मग कोणीतरी मायग्रेन म्हटलं, गोळी घेतली की दोन तास बरं की परत तेच. आडवं झालं की जास्त दुखतं म्हणून ती पहाटे उठून भिंतीला टेकून बसायची, हे मला फार उशिरा कळलं. साधा सीटी झाला, त्यात काही नाही असं आलं, आम्ही सुटकेचा श्वास सोडला. परवा वाकून खाली पडलेलं दुपटं उचलताना तिच्या डोळ्यांपुढे पाच-सहा सेकंद राखाडी पडदा आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून आत बघितलं आणि म्हणाले डोळ्यामागच्या नसेला सूज आहे, घरी जाऊ नका, इथूनच न्यूरोकडे जा.

न्यूरोच्या डॉक्टरांनी अ‍ॅडमिट करून रात्रीच सीटी व्हेनोग्राफी (म्हणजे डाय टोचून मेंदूच्या शिरांचा सीटी) करायला लावली. रिपोर्टमध्ये काय तर उजवा ट्रान्सव्हर्स सायनस मोठा आहे, डाव्या ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड सायनसमध्ये डाय नीट भरलेला नाही, "हायपोप्लेसिया व्हर्सेस थ्रॉम्बोसिस", एमआरआय सुचवतो, क्लिनिकल कोरिलेशन करावे. म्हणजे जन्मतःच बारीक असेल किंवा गुठळी असेल! अहो हे तर मीही सांगितलं असतं. डॉक्टरांनी हेपारिनची (गुठळी वाढू नये म्हणून) इंजेक्शनं चालू केलीत, एमआरआय उद्या आहे. त्यांच्यावर भरवसा आहे, उपचार इथे विचारत नाहीये, पण राउंडला ते चार मिनिटं येतात आणि माझ्या डोक्यात प्रश्न चाळीस. साध्या सीटीत काही नव्हतं तर दोन दिवसांत हे आलं कुठून? तोच सीटी परत केला तर त्यात वेगळं काय दिसतं? आणि डाय टोचल्यावर दोन दिवस बाळाला दूध पाजू नका असं तिथल्याच एकांनी सांगितलं, ते खरं का? ती त्यावरूनच जास्त रडतेय. शिवाय सायनस म्हटल्यावर घरचे सगळे वाफारा घे म्हणून मागे लागलेत, ते वेगळंच.

एकदा_वाचलेली:

दादा आधी शांत व्हा. मी यातून गेलेय, सहा वर्षं झाली, आज इथे टाइप करतेय म्हणजे बघा. बहिणीला अ‍ॅडमिट केलंय आणि औषध चालू आहे, म्हणजे महत्त्वाचं ते झालंय.

वाफाऱ्यावर हसू आलं कारण आमच्याकडेही अगदी तेच झालेलं. हा सायनस वेगळा हो. सर्दीचा सायनस म्हणजे गालाच्या-कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी. हा म्हणजे मेंदूवरच्या जाड पडद्याच्या दोन थरांमधली रक्ताची वाट. मेंदूतून वापरून झालेलं रक्त बारीक बारीक शिरांमधून या वाटांमध्ये येतं आणि तिथून मानेतल्या मोठ्या शिरेत उतरतं. मला माझ्या डॉक्टरांनी "घराचं सांडपाणी तुंबलंय" असं सांगितलेलं, ऐकायला घाण वाटलं पण डोक्यात पक्कं बसलं. नळाला पाणी येतंय, मोरी तुंबलीय, मग घरभर पाणी होणारच. म्हणून आडवं झालं की जास्त दुखतं, खोकलं-वाकलं की जास्त दुखतं, डोळ्यांपुढे पडदा येतो.

डायचं म्हणाल तर टोचताना हातापासून घशापर्यंत गरम लाट जाते, तोंडाला गंजक्या लोखंडाची चव येते आणि मला तर खात्रीच झालेली की कपड्यांत शू झाली. झाली नव्हती. मिनिटभरात सगळं जातं. आधी कोणी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते.

गॅन्ट्रीवाली:

मी सीटीवर टेक्निशियन आहे, १४ वर्षं, त्यातली निम्मी नाइट. रिपोर्टचं रेडिओलॉजिस्ट सांगतील, मी मशीनच्या बाजूचं सांगते. "तोच सीटी परत" हे लोक आम्हालाही काचेच्या पलीकडून ओरडून विचारतात.

मशीन तेच, गॅन्ट्री (पेशंट आत सरकतो ते गोल कडं) तीच, फरक वेळेचा. साध्या सीटीत रक्त आणि मेंदू दोन्ही करड्या रंगाच्या जवळजवळ सारख्याच छटेत दिसतात, त्यामुळे शीर उघडी आहे की बंद ते त्यात समजत नाही, समजलं तर नशीब. व्हेनोग्राफीत आम्ही कोपराच्या वळीतल्या शिरेत जाडसर कॅन्युला घालतो, हिरवा १८ नंबर मिळाला तर उत्तम, नाहीतर गुलाबी २०. त्यातून इंजेक्टर आयोडीनचा डाय सेकंदाला ३ ते ४ मिली या वेगाने ढकलतो, एकूण ८० ते १०० मिली, त्याच्यामागे सलाइन, म्हणजे हातात उरलेला डायही पुढे सरकतो. आणि मग थांबायचं. हे थांबणं म्हणजेच सगळी तपासणी असं मी नवीन पोरांना सांगते. धमन्या बघायच्या असतील तर १५-२० सेकंदांत स्कॅन सुरू करतो, शिरांसाठी ४० ते ४५ सेकंद थांबतो. डाय हातातून हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात, मग मानेच्या धमनीतून मेंदूत, मेंदूतून शिरांत, एवढा फेरा आहे. शिरांमध्ये डाय त्याच्या आधीच यायला लागलेला असतो पण सगळ्या वाटा सारख्या भरायला अजून वेळ लागतो, बारीक वाटेला तर जास्तच. प्रत्यक्ष स्कॅन पाच-सात सेकंदांचा, मानेच्या पहिल्या मणक्यापासून टाळूपर्यंत, एक मिलीमीटर किंवा त्याहून पातळ काप. पेशंट म्हणतो झालं पण? हो, झालं.

घाई केली तर काय होतं ते स्वतःवरच सांगते. नवीन होते तेव्हा एकदा पेशंट सारखा हलत होता म्हणून मी ३० सेकंदांच्या आतच बटण दाबलं. पडद्यावर एका बाजूचा सायनस पांढराशुभ्र आणि दुसऱ्या बाजूचा अर्धा पांढरा अर्धा काळा, दुधात पाणी नीट न ढवळल्यासारखा. सर धावत आले, गुठळी गुठळी! मग माझ्याकडे बघून म्हणाले किती सेकंद? मी सांगितलं. लगेच दुसरी फेरी मारली, तोपर्यंत डाय सगळीकडे पसरला होता आणि सायनस दोन्हीकडे ठणठणीत. त्या दिवसापासून मी ४५ मोजते, पेशंट कितीही कुरकुरला तरी. म्हणून दादा, तुमच्याकडे फक्त एकच फेरी झाली की दोन, हे विचारून ठेवा. हृदय कमजोर असेल किंवा रक्त हळू फिरत असेल तरी डाय उशिरा पोचतो, तुमची बहीण तरुण आहे तर तसं नसावं.

अजून एक, कॅन्युला कुठल्या हाताला होता? आम्ही शक्यतो उजवा घेतो. डाव्या हाताची शीर छातीच्या हाडामागून आडवी उजवीकडे जाते, तिथे काही जणांत ती हाड आणि महाधमनीच्या मधे दाबली जाते आणि मग डाय खाली हृदयाकडे न जाता उलटा मानेत चढतो. अशा वेळी डावीकडचं चित्र विचित्र येतं. दरवेळी होतं असं नाही पण विचारायला काय जातंय.

बारक्या_शंका:

मी डॉक्टर वगैरे नाही पण माझ्या मते सरळ एमआरआयच करायला पाहिजे होता ना, त्यात रेडिएशन नाही, डाय नाही. आणि दूध २४ ते ४८ तास काढून टाकून द्यायचं असतं हे आमच्या घरात पण सांगितलेलं.

काळंपांढरं:

रेडिओलॉजिस्ट आहे. दादा, बहिणीच्या फिल्म मी बघितलेल्या नाहीत, त्यामुळे तिला काय आहे हे मी सांगणार नाही आणि इथल्या कोणीही सांगू नये. पण अशा रिपोर्टमागे डोकं कसं चालतं ते सांगतो.

आधी दुधाचं, कारण ती रडतेय असं लिहिलंय तुम्ही. आयोडीनच्या डायनंतर दूध बंद करायची गरज नसते. आईला दिलेल्या डायपैकी दुधात उतरतो तो १ टक्क्यापेक्षा कमी, आणि त्यातला बाळाच्या पोटातून रक्तात शोषला जातो तो पुन्हा १ टक्क्यापेक्षा कमी. गणित करा, आईच्या डोसच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. २४-४८ तासांचा नियम जुना आहे, अजून चालत आलाय इतकंच. हेपारिनसुद्धा दुधातून बाळाला त्रास देईल एवढं जात नाही. तिला आजच सांगा.

रेडिएशन: डोक्याच्या एका सीटीला साधारण २ मिलिसीव्हर्ट (रेडिएशनचं माप), आणि काहीही न करता नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतंच. दोन सीटी झाले म्हणजे पावणेदोन वर्षांचं एकदम मिळालं समजा. उगाच करू नये हे खरं, पण डोळ्याची नस सुजलेली असताना रात्री अकरा वाजता कोणी सीटी सांगितला तर मी तरी नाही म्हणणार नाही. एमआरआयला २०-३० मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं, आडवं झालं की डोकं फुटणाऱ्या बाईला ते सांगून बघा. शिवाय डाय न देता जो एमआर व्हेनोग्राम करतात त्यात रक्ताच्या प्रवाहावरूनच चित्र बनतं, प्रवाह मंद असला की शीर गायब दिसते. सीटीत डाय प्रत्यक्ष आत भरलेला दिसतो. मुख्य सायनससाठी दोन्ही तोडीस तोड आहेत. मेंदूच्या पृष्ठभागावरची एखादी बारीक शीर एकटीच बंद असेल तर मात्र एमआरआयच लागतो, त्यातला रक्ताला संवेदनशील असलेला सिक्वेन्स, ज्यात गुठळी काळी दोरी होऊन उठून दिसते.

साध्या सीटीत काही नव्हतं याचं नवल वाटू देऊ नका. सायनसच्या गुठळीत साधा सीटी दोन तृतीयांश वेळा नॉर्मलच येतो. सीटीचा पहिला पेशंट स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनमध्ये, आणि मेंदूच्या शिरांसाठी वेळ जुळवून केलेली सीटी व्हेनोग्राफी १९९६ च्या सुमाराला व्यवस्थित मांडली गेली. मधली पंचवीस वर्षं शिरांसाठी मांडीतून नळी घालून अँजिओग्राफी करायची किंवा साध्या सीटीवर अंदाज बांधायचे असंच चाललं होतं, निदान एमआरआय हाताशी येईपर्यंत तरी.

आता "बारीक की बंद". मेंदूचं रक्त मागे डोक्याच्या फुगवट्यापाशी एकत्र येतं आणि तिथून डावी-उजवी अशा दोन वाटांनी उतरतं. या दोन वाटा सारख्या असतात असं पुस्तकातल्या चित्रात असतं, माणसात क्वचितच असतं. बहुतेकांत उजवी मोठी, डावी लहान, काहींत डावी नावालाच. म्हणजे दिसली नाही की गुठळी म्हणून मोकळं होता येत नाही, आणि जन्मतः बारीक म्हणून सोडून दिली तर गुठळी सुटते. रात्री एकटा बसलेला ज्युनियर यात अडकतो आणि "व्हर्सेस" लिहून मोकळा होतो. त्याला नावं ठेवत नाही, मीही लिहिलेत.

पण फिल्म तीच असली तरी तिच्यात उत्तर शोधायच्या दोन जागा असतात. पहिली जागा हाडात. सायनस कवटीच्या आतल्या बाजूला खोबणीत बसलेला असतो, आणि मानेत उतरताना कवटीच्या तळातल्या भोकातून जातो. ही खोबण आणि हे भोक वर्षानुवर्षं त्या सायनसच्या मापाने घडलेलं असतं. सायनस जन्मतःच बारीक असेल तर खोबण उथळ आणि भोक लहान. दोन्ही बाजूंची खोबण-भोकं सारखी असून एका बाजूला डाय नाही, तर तिथे इतकी वर्षं कोणीतरी राहत होतं आणि आता दार आतून बंद आहे. हाडाची विंडो (म्हणजे फक्त हाड उठून दिसेल असं चित्र) लावून एक मिनिट बघायचं, एवढंच. (उलट भोक लहान निघालं तरी शंभर टक्के सुटलो असं नाही, बारीक सायनसमध्येही गुठळी होऊ शकते, पण पारडं झुकतं.)

दुसरी जागा साध्या सीटीत, म्हणजे जो "नॉर्मल" म्हणून बाजूला ठेवलाय त्यात. ताजी गुठळी साध्या सीटीत आजूबाजूच्या रक्तापेक्षा जास्त पांढरी दिसते. आम्ही तिथे कर्सर ठेवून आकडा बघतो, हाउन्सफील्ड युनिट. वाहतं रक्त साधारण ५० ते ६०, गुठळी ७० च्या वर. पण हा आकडा हिमोग्लोबिनवर हलतो. रक्त दाट असेल, शरीरात पाणी कमी असेल, तर सगळेच सायनस पांढरे दिसतात आणि माणूस फसतो. उलट हिमोग्लोबिन कमी असेल तर रक्त एरवीपेक्षा काळं दिसायला हवं, त्यात एकच सायनस पांढरा दिसला तर कान टवकारायचे. म्हणून आकडा एकटा वाचायचा नाही, हिमॅटोक्रिटशी (रक्तात लाल पेशी किती टक्के ते) ताडून आणि दुसऱ्या बाजूशी तुलना करून वाचायचा.

आणि हा साधा सीटी शेजारी ठेवल्याशिवाय व्हेनोग्राफी वाचू नये याला अजून एक कारण आहे. पांढरी गुठळी व्हेनोग्राफीत डाय भरल्यासारखीच भासू शकते, म्हणजे बंद शीर उघडी वाटते! उलटा फसवा प्रकार म्हणजे सायनसच्या आत गोल, गुळगुळीत, वाटाण्याएवढा काळा ठिपका. नवख्याला गुठळी वाटते. बहुतेकदा तो मेंदूभोवतालचं पाणी रक्तात सोडणारा नैसर्गिक कोंब असतो, ट्रान्सव्हर्स सायनसच्या बाहेरच्या टोकाकडे हमखास भेटतो. गुठळी अशी गोल-गरगरीत नसते, ती वाटेच्या लांबीने पसरते. आडव्या कापात वरच्या मोठ्या सायनसची गुठळी म्हणजे त्रिकोण, कडा पांढरी आणि मध्य काळा, पण पहिल्या काही दिवसांत हा त्रिकोण नसतोही.

थ्रीडीमधलं निळं-जांभळं झाड घरच्यांना दाखवायला छान असतं. त्यात कॉम्प्युटर हाड कापताना चिकटलेली शीरही कापतो. निदान पातळ कापांवरच करायचं, तिन्ही दिशांनी फिरवून.

तर दादा, तुम्ही सीनियरना दोनच गोष्टी विचारा: दोन्ही बाजूंचं ज्युग्युलरचं भोक (कवटीच्या तळातलं, वर सांगितलेलं तेच) सारखं आहे का, आणि पहिल्या साध्या सीटीत डावीकडचा आकडा किती येतो. भांडायच्या सुरात नको, सहज विचारा.

गोंधळलेला_दादा:

सर काय बोलू, तुमचं पोस्ट तिला मोबाइलवर वाचून दाखवलं, दुधाचा भाग दोनदा. नर्सताईंनी पण डॉक्टरांना विचारून हो म्हटलं, आत्ता पाजून झोपलीय. म्हणजे झोपलीय कसली, पलंग डोक्याकडून उंच करून टेकलीय.

हिमोग्लोबिन ८.९ आहे, हिमॅटोक्रिट २७. डिलिव्हरीत बरंच रक्त गेलेलं. फेरी एकच झाली होती, विचारलं मी. हाताचं विचारायचं राहिलं, उद्या बघतो. सीडी आहे माझ्याकडे, लॅपटॉपवर उघडली तर हजारभर करड्या चकत्या, त्यातलं भोक कुठलं न् डोळा कुठला मला कप्पाळ कळतंय. राउंडला विचारतो.

काळंपांढरं:

सीडी उघडून स्वतः शोधत बसू नका, झोपा. २७ चा हिमॅटोक्रिट असेल तर साध्या सीटीत तिचं रक्त चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास दिसायला हवं. सत्तर दिसलं तर कोणाच्याही नजरेत भरेल, फक्त तिथे कर्सर ठेवायला हवा.

बारक्या_शंका:

दुधाचं माझं चुकलं, माफी. एक विचारू का, हे बाळंतपणानंतरच का होतं?

काळंपांढरं:

माफी कसली, तुमच्या घरात सांगितलेलं तेच अजून निम्म्या ठिकाणी सांगतात. बाळंतपणानंतरच असं नाही, पण तो मोठा धोक्याचा काळ. रक्तस्राव थांबावा म्हणून गरोदरपणाच्या शेवटी रक्तच जास्त गोठतं केलेलं असतं निसर्गाने, आणि ते पुढे काही आठवडे तसंच राहतं, वर पाणी कमी प्यायलं जातं. इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही होतं, गोठण्याच्या जन्मजात दोषांनी होतं, कानामागच्या हाडात पू झाला तर शेजारचा सायनस धरतो. बायकांमध्ये पुरुषांच्या तिप्पट. स्ट्रोकच्या एकूण पेशंटमध्ये हे शंभरात एक किंवा त्याहून कमी, म्हणून पटकन डोक्यात येत नाही. डोकेदुखी मात्र जवळजवळ सगळ्यांना, २००४ साली ६२४ पेशंटचा मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास छापून आला त्यात दहापैकी नऊ जणांना होती. त्याच अभ्यासात पुढे ७९ टक्के पेशंट पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झालेले, हेही दादांनी वाचावं म्हणून लिहितोय.

गोंधळलेला_दादा:

अपडेट. दोन दिवस लिहायला जमलं नाही.

सीनियर मॅडमना राउंडनंतर जिन्यात गाठलं आणि सहज सुरात विचारायचं ठरवलेलं तरी आवाज कापलाच. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या चला, दाखवते. खाली त्यांच्या काळोख्या खोलीत नेलं. आधी हाडाचं चित्र लावलं, सगळा मेंदू काळा झाला आणि फक्त कवटी उरली, कवटीच्या तळाला दोन भोकं, डावं-उजवं. त्यांनी दोन्हीवर रेघा मारून मोजलं, उजवं जरासं मोठं, पण डावं काही लहान नव्हतं. म्हणाल्या बघ, ही वाट जन्मतः बारीक नाही. मग पाच दिवसांपूर्वीचा तो "नॉर्मल" सीटी शेजारी लावला आणि कानाच्या मागच्या लेव्हलला आल्या. तिथे एक बारीक पांढरट पट्टा होता, सांगितल्यावर दिसतो, न सांगता मी शंभर वेळा बघितला असता तरी दिसला नसता. उजवीकडे कर्सरचा गोल ठेवला, ४४. डावीकडे ठेवला, ७३. काही बोलल्या नाहीत, नुसतं पेनाने त्या आकड्यावर टकटक केलं. म्हणजे गुठळी पहिल्याच दिवशी तिथे होती.

राग आला खरा, पाच दिवस गेले. मॅडम म्हणाल्या त्या दिवशीच्या कागदावर फक्त "डोकेदुखी" लिहिलेलं होतं, बाळंत होऊन किती दिवस झाले हे कोणी लिहिलंच नव्हतं, वाचणाऱ्याने शिरांकडे बघावं तरी कशावरून. कागद मीच नेऊन दिला होता. असो.

एमआरआयमध्येही तेच आलं, डावा ट्रान्सव्हर्स आणि सिग्मॉइड बंद, गुठळी मानेच्या शिरेच्या तोंडापर्यंत, मेंदूत रक्तस्राव नाही, खोल भागातल्या शिरा उघड्या. हेपारिन चालूच आहे. डोकं निम्म्याने कमी झालंय, डोळ्यांची तपासणी दर दोन दिवसांनी. रिपोर्टवर आता "व्हर्सेस" नाही.

एकदा_वाचलेली:

चला, निदान झालं. दादा, गुठळी आहे हे ऐकून वाईट वाटतं पण "बहुतेक असेल" मध्ये लटकण्यापेक्षा बरं, मी सांगते.

माझं पुढे असं झालं: इंजेक्शनं मग वॉरफरिन (रक्त गोठू न देणारी गोळी), सहा महिने, आयएनआर (रक्त किती उशिरा गोठतं त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा, सुरुवातीला सारखं रक्त तपासायला जायचं, हाताची चाळणी. वॉरफरिनवर दूध पाजता येतं, मीही पाजलं. नवीन गोळ्या आल्यात ज्यांना सारखं तपासावं लागत नाही, पण पाजत असताना त्या देत नाहीत असं मला सांगितलेलं, तुमचे डॉक्टर बघतीलच. सहा महिन्यांनी परत व्हेनोग्राफी केली तेव्हा माझा सायनस पूर्ण उघडला नव्हता, अर्धवट होता, मी घाबरले तर म्हणाले शेजारच्या शिरांनी वाट काढलीय, तुला त्रास नाही ना, मग चित्राची चिंता करू नकोस. आणि एक, पुढे गर्भनिरोधक विचारायची वेळ येईल तेव्हा हे आवर्जून सांगायला लावा, इस्ट्रोजेनच्या गोळ्या आता तिच्यासाठी नाहीत.

डोळ्यांची तपासणी मात्र डोकं थांबलं तरी चुकवू नका. माझी एक चुकवलेली तारीख अजून आठवते मला.

बारक्या_शंका:

भारी धागा झाला. वाचनखूण साठवली.

गॅन्ट्रीवाली:

४४ आणि ७३! आजच्या नाइटला पोरांना हेच दाखवणार, अर्थात माझ्याकडच्या जुन्या केसवर. आणि तो कागदाचा मुद्दा सोन्यासारखा आहे, आम्ही रोज भांडतो यावरून, रिक्वेस्टवर "हेडेक" एवढाच शब्द असतो आणि त्यावर आम्ही काय करायचं ते ठरवायचं. आता मी बाईमाणूस दिसली की टेबलवर घेतानाच विचारते, बाळ किती दिवसांचं, गोळ्या चालू आहेत का, आणि पेनाने कोपऱ्यात लिहून टाकते. सर सुरुवातीला वैतागायचे, आता तो कोपराच आधी बघतात.

दादा, हाताचं राहिलंच की तुमचं.

गोंधळलेला_दादा:

उजवा हो ताई. विचारावं पण लागलं नाही, कोपराच्या वळीत हिरवं-जांभळं झालंय ते तिने स्वतःच दाखवलं, म्हणे बाळाचं डोकं बरोब्बर तिथेच टेकतं.